मान्थुनच्या दोन काड्या

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. नाही बोलणार. पण बाकीचे अजून धडधाकट जिवंत आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला मला कुणाच्या बापाची परवानगी नको.

मान्थुन टिमकी वाजवायचा. मी झांजवाला. नाव बावदान. चाळीस वर्षं त्याच्या डाव्या हाताला बसलो, त्यामुळे माझा उजवा कान कामातून गेला. बायको म्हणते, "कान गेला ते बरं झालं, जीभ जायला हवी होती." असो. आमच्या ताफ्यात माणसं आठ. दोन सनया, एक ढोल, एक मोठा थाळा, एक लहान थाळी, एक झांज, एक चिपळ्या आणि एक टिमकी. ढोल माणसाच्या कमरेएवढा. थाळा परातीएवढा, नीट लागला तर दोन डोंगर पलीकडची कुत्री उठतात. आणि टिमकी? लाकडाच्या जाड कड्यावर ताणलेलं तळहाताएवढं कातडं. लहान मूलसुद्धा काखेत मारून नेईल. पण ताफ्याचा मालक तोच. मान्थुननं बांबूची काडी वर उचलली की सात माणसांचा श्वास अडकायचा. तो काडी कशी उचलतो, कलती की सरळ, मनगटानं की कोपरानं, त्यावरून पुढं काय येणार ते आम्ही ओळखायचो. तोंडानं बोलायची सोय नसते हो, एवढ्या गोंगाटात कोण ऐकणार?

त्याचा हात असा होता की मयताच्या घरी रडू न येणाऱ्या सुनासुद्धा रडायच्या. आणि लग्नात तोच हात लागला की म्हातारे उगाच हसत सुटायचे. मी स्तुती करतोय असं समजू नका. भांडायचा भारी. एकदा माझी झांज अर्ध्या मात्रेनं मागं पडली, तर चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि त्या चार दिवसांत आम्ही तीन मयतं वाजवली.

आता आम्ही वाजंत्री म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याशिवाय कुणाची सून घरात येत नाही, कुणाचा बाप जमिनीत जात नाही. पण आम्ही बसायचं दाराबाहेर. आत देवाचं मेज, पाहुण्यांची मेजं, आणि बाहेर भिंतीकडेला आमचं. आणि प्रत्येक गावात देवळाच्या माळ्यावर एक टोपली असते. तिच्यात आठ वाडगे. ते वाजंत्र्यांचे. दुसरं कुणी त्यात खात नाही. कुठल्या गावचे काळ्या झिलईचे, कुठल्या गावचे काठाला टवके गेलेले. आम्ही जेवायचं, आम्हीच धुवायचे, टोपली पुन्हा माळ्यावर. नवं सरकार आलं, सगळी माणसं सारखी असं सभेत सांगितलं, टाळ्या पडल्या. टोपली मात्र माळ्यावरून कुणी खाली आणून फोडली नाही. आमच्या मुली आमच्यातच द्यायच्या, आमच्यातल्याच आणायच्या. नऊ घरं. फिरून फिरून तीच.

मान्थुनची बायको लवकर गेली. मुलगी सहा वर्षांची, युनथाव तिचं नाव, हा तिला थाव म्हणायचा. बायकोला पुरून आल्यावर माझ्यासमोर म्हणाला, "बावदान, माझ्या पोरीचे हात त्या टोपलीला लागू देणार नाही. वाजंत्र्याच्या घरात देणार नाही म्हणजे नाही."

मी म्हणालो, "मग काय राजाच्या घरी देणार?"

"शेतकऱ्याच्या देईन. बाहेरच्या मेजावर नाही, आतल्या मेजावर बसेल ती."

मी हसलो. तेव्हा हसलो, हे आता आठवलं की माझाच राग येतो.

पुढं ती वाईट वर्षं आली. जुनं सगळं फोडा, असा हुकूम निघाला. आमचा मोठा थाळा भट्टीत गेला. तो थाळा माझ्या आजोबांच्या वेळचा, त्याच्या आवाजाला शेपूट होतं, वाजून गेल्यावरही बराच वेळ हवेत राहायचा. आता आहे तो नुसता ओरडतो. मान्थुननं टिमकी मेणकापडात गुंडाळून डुकरांच्या गोठ्याखाली पुरली. आम्ही दोघं चुनाभट्टीवर दगड फोडायला लागलो. दिवसभर दगड आणि घरी आलं की हा विटांच्या शेजेवर बसून शेजेच्या लाकडी कडेवर दोन काड्या वाजवत बसायचा. जेवायच्याच काड्या. अगदी हलक्या, शेजारच्यांना कळू नये अशा. थाव त्याच्या मांडीशी पडून तोंडानं बोल म्हणायची, "छांग छी, छांग छी, त्साय छांग." आमच्याकडे पोरं वाजवायच्या आधी बोलायला शिकतात. चार बोल चुकली की हा तिच्या कपाळावर काडी टेकवायचा, "पुन्हा." त्या पोरीचा कान माझ्यापेक्षा चांगला होता. मुलगा असती तर टिमकीवर बसली असती, हे मी तिच्या तोंडावर म्हणालोय.

दहा-बारा वर्षांनी हवा पालटली. लोक पुन्हा वाजतगाजत मरायला लागले. टिमकी गोठ्याखालून वर काढली, कातडं कुजलं होतं, लाकूड शाबूत होतं. नवं कातडं चढवलं. आणि थाव लग्नाची झाली.

ल्याव आत्या म्हणून एक मध्यस्थ होती, तोंडाची गोड, पायाची भिंगरी. तिनं पाच कोसांवरच्या पेइचाय गावातलं हान घराणं काढलं. त्या खोऱ्यात दुसरा ताफा वाजवायचा, ती हद्द आमची नव्हती, आमची तोंडं तिथं कुणी पाहिलेली नव्हती. ल्याव आत्यानं सांगितलं, "मुलीचा बाप चुनाभट्टीवर कामाला." खोटं नव्हतंच ते. अर्धं होतं.

मुलीच्या बापानं सासरी पोचवायला जायची रीत नाही. पण थावला ना भाऊ ना मामा, म्हणून तो गेला आणि चुलता बनून मी. निघताना मी त्याला बजावलं, "हे बघ, तिथं वाजणार. तू ऐकायचं नाहीस. तुला संगीतातलं काही कळत नाही. तू दगडफोड्या."

"मला शिकवतोस?"

"हात बाह्यांत घालून बस."

बसला की. हानांच्या घरात, आतल्या मेजावर, नवा निळा अंगरखा घालून. मी त्याच्या शेजारी. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दाराच्या आतून ताफा ऐकत होतो. आणि काय तो ताफा! टिमकीवर म्हातारा, सकाळपासून प्यायलेला. सून उंबऱ्याशी आली, आता लांब चाल संपवून जलद चालीत यायचं, तर हा बाबा काडी उचलायचं विसरला. सनया नुसत्या ताणत राहिल्या. थाळेवाला त्याच्या तोंडाकडे बघतोय, हात वर, पाडायचा कधी कळेना. नवरी उंबऱ्यावर एक पाय घालून उभी. कसं सांगू तुम्हाला, जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसं झालं.

आणि माझ्या शेजारून आवाज आला. टक्. टक् टक्, टक्.

मान्थुननं जेवायच्या दोन काड्या मेजाच्या कडेवर मारल्या होत्या. खिडकी उघडी. बाहेरच्या थाळेवाल्यानं बघितलंसुद्धा नाही, त्याचा हात आपोआप खाली आला, छांग! झांज मागं, ढोल मागं, अख्खा ताफा रुळावर. थाव उंबरा ओलांडून आत आली. पदराआड तिचं तोंड मला दिसलं नाही, पण पाऊल अगदी मात्रेवर पडलं.

मी मेजाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली. त्यानं काड्या खाली ठेवल्या आणि शेवया ओढायला लागला. मी चोरून इकडे तिकडे बघितलं. मेजावर आठ माणसं. विहीणबाई चहाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. सगळे हसत होते, नवरीकडे बघत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं.

परतताना म्हणालो, "गाढवा, हात बाह्यांत घाल म्हटलं होतं ना?"

"पोर उंबऱ्यावर अडकली होती," म्हणाला. "तशी कशी सोडू?"

त्यानंतर वर्षातून दोनदा तो लेकीकडे जायचा. नव्या वर्षाला आणि पानगळीत, शेतं रिकामी झाल्यावर. परत आला की आठ दिवस आमचे कान खायचा. "व्याह्यांनी माझ्यासाठी वेगळं मेज मांडलं, खिडकीपाशी. उन्हात." "व्याह्यांच्या घरी माझा वाडगा वेगळा आहे. घरच्यांचे साधे पांढरे, माझ्या वाडग्यात तळाला निळा मासा. पेज संपत आली की मासा दिसायला लागतो. थाव म्हणते, बाबा, मासा दिसेपर्यंत खायचं." हे सांगताना त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. पन्नाशीचा माणूस, पण लग्नात गोड मिळालेल्या पोरासारखा.

आमचा ढोलवाला एकदा म्हणाला, "मासा आहे तर मग काटा जपून."

मान्थुन चिडला. "जळतोस तू. तुला आयुष्यात कुणी आत बसवलंय?"

मला? मला तेव्हा काही खटकलं का? खरं सांगतो, नाही खटकलं. मला हेवा वाटला. बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, पाहुणचार असा असतो.

पण एक गोष्ट मला डाचायची. पेइचायच्या खोऱ्यातला तो पिऊन वाजवणारा म्हातारा वारला, ताफा फुटला. तिकडून बोलावणी आमच्याकडे यायला लागली. मान्थुन प्रत्येक वेळी नाही म्हणायचा. त्या खोऱ्यात पाऊल टाकायचं नाही. बाकी सहाजण कुरकुरायचे, मी उघड भांडायचो. "तुझ्या एका लेकीसाठी आम्ही आठ घरांनी जेवण सोडायचं का?"

"हो, सोडायचं," म्हणायचा. "तुम्हाला जमत नसेल तर दुसरा टिमकीवाला बघा."

कुठं मिळणार दुसरा? सोडलं. वर्षानुवर्षं सोडलं.

लग्नाच्या नवव्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, पेइचायहून माणूस आला. पांढरी पट्टी डोक्याला. हान म्हातारा गेला होता, थावचा सासरा. मान्थुन लगेच उठला, अंगरखा शोधायला लागला, मयतासाठी जाळायचे कागदाचे घोडे कुठं मिळतील विचारायला लागला. व्याही गेलाय, आत बसून शोक करायचा, मानाचं काम. तो माणूस दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "थोरल्या हानांनी सांगितलंय, मामांना म्हणावं, येताना टिमकी घेऊन या. सगळा ताफा आणा. घरचाच वाजवणारा असताना बाहेर कशाला शोधायचा?"

मान्थुनचा एक हात बाहीत गेला होता, दुसरा तसाच राहिला.

माणूस गेल्यावर तो माझ्याकडे वळला. "तू सांगितलंस."

"मी?"

"तूच. त्या खोऱ्यातलं काम तुला हवं होतं. तुझ्या तोंडाला दार नाही हे सगळ्या मुलखाला माहीत आहे."

मी काय नाही म्हणालो त्याला! आईची शपथ घेतली, पोरांची घेतली, झांजेवर हात ठेवला. माझ्या तोंडाला दार नाही हे खरं आहे. पण ही एक गोष्ट मी नऊ वर्षं दातांमागं धरली होती, आणि तीच मी फोडली म्हणून हा मला म्हणतोय. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"नको जाऊस मग," मी म्हणालो. "तापानं पडलोय म्हणून कळव."

"नाही गेलो तर त्या घरात तिचं काय होईल?" म्हणाला. "सासऱ्याच्या मयताला बाप आला नाही, असं जन्मभर ऐकेल. आणि वाजवणाऱ्याची म्हणून ऐकेल ते वेगळंच. एवढं एक तरी वाचवतो."

पाच कोस चाललो. ढोल गाढवावर, बाकी ज्याच्या त्याच्या पाठीवर. मान्थुन पुढं, टिमकी काखेत. पाच कोसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी मागून मुद्दाम खोकत होतो.

हानांच्या दाराशी थोरला हान उभा होता, थावचा मोठा दीर, जाडजूड, तेलकट आवाजाचा. वाकला वगैरे नाही. मान्थुननं आणलेले कागदाचे घोडे नोकराकडे दिले आणि म्हणाला, "मामा, आता तुम्हीच ठरवा. शोकाची पट्टी बांधून आत बसायचं, तर टिमकी दुसऱ्याला द्या. टिमकी वाजवायची, तर पट्टी नाही, इथं बसा. दोन्ही एकदम व्हायचं नाही, लोक हसतील."

दुसरा टिमकीवाला नाही हे त्याला चांगलं माहीत होतं. मान्थुननं एकदा दारातून आत बघितलं. अंगणात थाव दिसत होती, पांढऱ्या कपड्यांत, शवपेटीपाशी गुडघ्यांवर. तिनं मान वर केली नाही.

"इथं बसतो," मान्थुन म्हणाला.

बसलो भिंतीकडेला. सकाळभर वाजवलं. मी त्याच्या डाव्या हाताला, नेहमीसारखा, अबोला धरून. काड्यांवर लक्ष ठेवायचं, तोंडाकडे बघायचं नाही.

दुपारी जेवण आलं. दोन माणसांनी देवळाच्या माळ्यावरून टोपली आणली आणि आमच्या पुढ्यात आदळली. या गावात आम्ही कधी वाजवलं नव्हतं, त्यामुळे इथली टोपली आम्ही कधी पाहिली नव्हती. वर पेंढा. ढोलवाल्यानं पेंढा बाजूला केला, एक वाडगा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तसाच थांबला.

तळाला निळा मासा.

दुसरा काढला. मासा. तिसरा. मासा. सात वाडगे मेजावर मांडले, सात मासे. आणि टोपली रिकामी.

त्या घडीला थाळा कितीही मोठ्यानं वाजला असता तरी मला ऐकू आला नसता. मान्थुन त्या वाडग्यांकडे असा बघत होता की जणू मोजणी चुकलीय, पुन्हा मोजली की आठ भरतील.

जेवण वाढणारी बाई दारातून आत ओरडली, "अहो, वाजवणाऱ्यांचा एक वाडगा कमी आहे!"

आतून विहीणबाईंचा आवाज आला, अगदी घरगुती, चहात साखर आहे का विचारावी तसा. "आपल्याकडेच आहे तो. धाकट्या सूनबाई, व्याह्यांचा वाडगा आण गं, कोंबड्यांच्या खुराड्यावरचा."

थाव तो घेऊन बाहेर आली. तिच्याच हातात तो वाडगा. पेज वाढलेली, वाफ येत होती. बापासमोर ठेवला. दोन्ही हातांनी ठेवला, एवढं म्हणतो मी. रीतसर. आणि उभी राहिली.

मला राहवलं नाही. माझ्या तोंडाला दार नाही ना? उठलो आणि थोरल्या हानाच्या अंगावर ओरडलो, "कोणी सांगितलं तुम्हाला? सांगा इथंच! कोणी सांगितलं?"

तो गोंधळला, खरंच गोंधळला. "सांगायला कशाला हवं? लग्नाच्या दिवशीच कळलं. मामांनी मेजावर काड्या काय वाजवल्या आणि बाहेरचा थाळा काय लागला. दगडफोड्याचा हात असा असतो का? पण नवरी उंबऱ्याच्या आत आलेली, तीन गावं जेवायला बसलेली. बाबा म्हणाले, गप्प बसा, आपलीच अब्रू जाईल. आईनं संध्याकाळी टोपलीतून एक वाडगा आणून ठेवला." मग वर म्हणतो, "कधी काही बोललो का आम्ही? पाहुणचारात कमी केलं का?"

नऊ वर्षं. खिडकीपाशी वेगळं मेज. उन्हात.

मी थावकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या दिवशी सांगितलं सासूबाईंनी," ती म्हणाली. बापाकडे बघत, माझ्याकडे नाही. "बाबांना कळलं तर ते यायचे बंद होतील, असं वाटलं. मग मला वर्षातून दोनदासुद्धा दिसले नसते."

"म्हणून मासा दाखवलास!"

"बावदान," मान्थुन म्हणाला, "बस खाली. वाढलंय ते खा."

आणि तो जेवला. सगळी पेज प्यायला, मासा दिसेपर्यंत. दोन काड्यांनी शेवटचा राळ्याचा दाणासुद्धा टिपला. मी नाही जेवलो.

मग प्रेत निघालं. माळरानातल्या कबरीपर्यंत त्यानं वाजवलं. लोकांना वाटतं अशा वेळी माणूस काहीतरी अचाट वाजवतो. तसलं काही नाही. रोजच्यासारखं वाजवलं, नीट, एक मात्रा इकडची तिकडं नाही. चुकलो तो मीच, दोनदा, आणि तो मला टाकून बोलला नाही. चाळीस वर्षांत फक्त त्याच दिवशी.

निघताना वाडगे धुऊन टोपलीत भरले. सात भरले. आठवा त्यानं अंगरख्याच्या आत घातला. विहीणबाई दारात आल्या, कपाळाला आठ्या. "अहो व्याही, ती गावाची टोपली आहे. आठ लागतात."

"विहीणबाई," तो म्हणाला, "नऊ वर्षं माझा होता. गावाला सांगा, फुटला."

परतीच्या वाटेवर, दुसऱ्या डोंगराच्या चढावर, तो माझ्या बरोबरीला आला. टिमकी त्यानं मला दिली, मी माझी झांज त्याला दिली, उगाच. बराच चालल्यावर म्हणाला, "तू नव्हतंस सांगितलं."

"नव्हतंच."

"माझ्याच काड्या होत्या."

मी म्हणणार होतो, पोर उंबऱ्यावर अडकली होती, तू काय करणार. नाही म्हणालो. जे म्हणायला हवं होतं ते कधी माझ्या तोंडातून येत नाही, नको ते येतं.

तो पुन्हा पेइचायला गेला नाही. त्याच वाडग्यात दोन वर्षं जेवला. मी दहादा म्हणालो, फोड तो, मी फोडतो. म्हणायचा, "चांगला वाडगा आहे. बळकट." चुनाभट्टीची धूळ छातीत होतीच, दुसऱ्या हिवाळ्यात खोकल्यानं नेलं. आमच्यात टिमकीवाला गेला की त्याच्या काड्या त्याच्याबरोबर पुरतात आणि ताफा टिमकीशिवाय वाजवतो. वाजवलं आम्ही. कुणी कुणाकडे बघावं कळत नव्हतं. सगळे एकमेकांच्या आधी किंवा मागं. फार वाईट वाजलं, आणि तसंच वाजायला हवं होतं असं माझं मत आहे.

थाव आली होती. एकटी. नवरा आला नाही, काम होतं म्हणे. तीन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी आमच्या घरी सगळ्यांचं जेवण होतं, वाजंत्र्यांची नऊही घरं एका अंगणात. माझी बायको वाढत होती. मी आत गेलो, मान्थुनच्या घरून आणलेला तो माशाचा वाडगा घेतला, त्यात पेज घातली आणि थावच्या पुढ्यात ठेवला. मुद्दाम. माझ्या मनात राग होता, लपवत नाही. म्हटलं, खा आता यातून, बघू कसं लागतं.

तिनं ओळखला. खाल्लं. मासा दिसेपर्यंत खाल्लं.

मग पदर खोचून उठली आणि सगळ्यांचे वाडगे गोळा करून विहिरीपाशी धुवायला बसली. बायको नको नको म्हणत होती, पण ऐकेना. पंचवीस-तीस वाडगे धुतले, एकात एक रचले, स्वयंपाकघराच्या फळीवर नेऊन ठेवले. माशाचा वाडगा तिनं सगळ्यात शेवटी धुतला, वेगळ्या पाण्यानं. तो फळीवर नाही नेला. अंगणाच्या कोपऱ्यात आमचं कोंबड्यांचं खुराडं आहे, त्याच्यावर पालथा घातला.

बायको म्हणाली, "अगं, तो इकडं आण की. तिथं कशाला?"

थाव वळली. खुराड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या ओल्या हातांकडे. तिचा चेहरा असा झाला की माझा सगळा राग तिथंच गळून पडला.

"हाताला सवय झालीय, काकू," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. तीन दिवस रडली नव्हती ती, बापाच्या पेटीवर माती पडली तेव्हाही नाही.

मान्थुनचाच हात तो. सवयीनं त्याचा घात केला, आणि सवयीनंच हिचा. मी उठलो, खुराड्यावरून वाडगा उचलला आणि फळीवर बाकीच्यांच्या मधोमध ठेवला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पेइचायला निघून गेली. सासू वाट बघत होती.